बाजारपेठेतून ताशी साठ

माझे सासरे वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पनवेलच्या बाजारपेठेतून ताशी साठ किलोमीटर वेगाने गाडी चालवताना रंगेहाथ पकडले गेले, आणि पकडणारा मी होतो.

ज्यांनी पनवेलची बाजारपेठ पाहिली आहे त्यांना या वाक्यात काहीतरी चुकल्याची शंका लगेच येईल. तिथून ताशी साठने फक्त अफवा जाऊ शकते. बाकी सगळं रांगतं. रिक्षा रांगतात, टेम्पो रांगतात, आणि रस्त्याच्या मधोमध एक गाय उभी असते, तिला तर रांगण्याचीही घाई नसते. त्या दिवशी मी सासरी राहायला म्हणून एसटी स्टँडवर उतरलो. नाना, म्हणजे सासरे, मला घ्यायला आले होते. मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसलो, पट्टा लावला आणि सहज समोर बघितलं, तर वेगाचा काटा साठावर. त्याच क्षणी डोक्यावर पालेभाजीची टोपली घेतलेली एक बाई आमच्या खिडकीशेजारून आली आणि आम्हाला मागे टाकून पुढे निघून गेली.

साधा माणूस काय म्हणाला असता? काटा बिघडलाय. पण मी आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवलेलं. छापलेल्या आकड्यावर अविश्वास दाखवायचा म्हणजे माझ्या अंगावर काटा येतो. बाई बहुधा घाईत असावी, अशी मी मनाशी नोंद केली.

"नाना, तुम्ही साठने चालला आहात," मी म्हणालो.

नानांनी काट्याकडे बघितलंसुद्धा नाही. "काटा खोटा बोलतो, मास्तर. तुमी बाहेर बघा."

मी बाहेर बघितलं. टोपलीवाली बाई वळणावर दिसेनाशी होत होती. तरीही मी पुन्हा आत, काट्याकडेच बघू लागलो. उच्च शिक्षणाचा हा मुख्य फायदा आहे. खिडकी असली तरी तिच्यातून बघायची सक्ती राहत नाही.

नाना मूळचे उरणकडच्या गावातले. शेती होती, मिठागर होतं. दोन्हींवर आता मोठमोठी गोदामं उभी आहेत आणि नाना पनवेलला चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतात. फ्लॅटला सगळं आहे, फक्त अंगण नाही. त्यामुळे नानांनी गाडी हेच अंगण मानलं आहे. एक दिवसाआड सकाळी ते उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावर जातात, ओळखीच्या कोळणीकडून मासळी घेतात, जुन्या सोबत्यांबरोबर लाँचकडे बघत बसतात आणि जेवायच्या वेळेला परत येतात. मासळी पनवेललाही मिळते. पण ती आणायला चार मजले उतरावे लागतात एवढंच, आणि नानांना त्याहून जास्त लांब जायचं असतं.

घरी पोचल्यावर मी साठाची गोष्ट बायकोला, सुनंदाला, अगदी हळू आवाजात सांगितली. माझ्या सासरी हळू आवाजात सांगितलेली गोष्ट मोठ्याने सांगितलेल्या गोष्टीपेक्षा लवकर पोचते. चहा होईपर्यंत माझा मेहुणा विलास हजर झाला होता.

विलासची ओळख करून देण्याची खरं तर गरज नाही, कारण पनवेलला येणाऱ्या प्रत्येकाला ती नाक्यानाक्यावर आपोआप होते. फलकावर पांढरा शर्ट, काळा गॉगल, जोडलेले हात, आणि खाली 'भावी नगरसेवक विलासशेठ'. तो इतकी वर्षं भावी आहे, की आता तो हुद्दा वाटू लागला आहे. तो दर सणाला वॉर्डात काहीतरी वाटतो. दिवाळीला उटणं, संक्रांतीला कापडी पिशव्या, आणि यंदा माघी गणपतीला गाडीच्या डॅशबोर्डवर बसवायच्या गणपतीच्या छोट्या मूर्ती, त्याही हजारभर. मूर्ती सुबक होती. रस्त्यात कितीही खड्डे असले तरी ती जागची हलता कामा नये, अशी विलासने बनवणाऱ्याला सक्त ताकीद दिली होती, आणि ती खरोखर हलत नसे. खालच्या बैठकीवर विलासचा हात जोडलेला फोटो होता. फोटो देवापेक्षा थोडा मोठा आला होता, पण ती छपाईतली चूक आहे, असं तो सांगे.

या भेटींवरच्या ओळी लिहायचं काम माझ्याकडे असे. 'पिशवी कापडी, सेवा तगडी' ही माझी रचना. (माझ्या विद्यार्थ्यांनी हा परिच्छेद वगळावा.) घरात एक शिकलेला जावई आहे, तर त्याचा काही उपयोग व्हावा, असं सगळ्यांचं मत होतं, आणि मलाही नकार देणं कधी जमलं नाही. खरं सांगायचं तर फलकावर आपली ओळ बघायला बरं वाटतं, खाली नाव दुसऱ्याचं असलं तरी.

"दाजी, हा इमेजचा प्रश्न आहे," विलास म्हणाला. "उद्या नानांनी कुणाला उडवलं, तर बातमी काय येणार? भावी नगरसेवकाच्या वडिलांनी उडवलं."

जो उडेल त्याच्याबद्दल त्याला काही म्हणायचं नव्हतं. बहुधा तो दुसऱ्या वॉर्डातला असेल, असं त्याने गृहीत धरलं होतं.

नाना शांतपणे चहात बिस्कीट बुडवत होते. काटा खोटा बोलतो, एवढंच ते पुन्हा म्हणाले. मग काटा तपासून घेऊ, असं ठरलं. इथपर्यंत सगळं समंजसपणे चाललं होतं.

गाडी उरण नाक्याजवळच्या अस्लमभाईंच्या गॅरेजात न्यायची ठरली. निघायच्या आधी सासूबाई चार मजले उतरून खाली आल्या, त्यांनी डॅशबोर्डवरचा, विलासनेच दिलेला गणपती दोन्ही हातांनी उचलला, पदराखाली घेतला आणि परत वर निघून गेल्या. देव गॅरेजात न्यायचा नाही, हा त्यांचा नियम. तिथे तेलाचे हात लागतात, चपला घालून माणसं आत बसतात, कुणी आंघोळ केलेली असते, कुणी नसते. मासळीच्या बाबतीतही त्यांचा असाच नियम होता. मासळी डिकीत, देव पुढे, आणि मधे सीटची आडकाठी. एवढं अंतर देवाला चालतं, असं त्यांनीच कधीतरी देवाच्या वतीने ठरवलं होतं. तेव्हा गाडी गॅरेजात गेली आणि गणपती दोन दिवस देव्हाऱ्यात पाहुणे म्हणून राहिले.

अस्लमभाईंनी नुकताच लॅपटॉपला जोडायचा स्कॅनर घेतला होता आणि आता ते कानाने इंजिन ऐकणं कमीपणाचं मानत. त्यांनी वायर जोडली, पडद्यावर हिरव्या रेघा आल्या, त्यांनी मान डोलावली. मग गाडी फिरवून आणली. तिसाला तीस, पन्नासाला पन्नास. तरीही एक सेन्सर बदलला, कारण काहीच बदललं नाही तर गिऱ्हाईक नाराज होतं.

"काटा बिलकुल दुरुस्त आहे, सर," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "नानासाहेबांच्या मिजाजाचा पार्ट मात्र आमच्याकडे मिळत नाही."

गाडी घरी आली. सासूबाईंनी गणपती परत जागेवर बसवला, फूल वाहिलं. नाना दुसऱ्या दिवशी दूध आणायला निघाले, मी शेजारी बसलो. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताच काटा पंचावन्नावर. फाटकावरचा वॉचमन आमच्याबरोबर बोलत बोलत चालत होता, आणि त्याला धाप लागलेली नव्हती.

विलासने अस्लमभाईंना नाकारलं आणि गाडी कंपनीच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. (आधी सासूबाई खाली आल्या, देव वर गेला. हे आता सांगायलाच नको.) तिथे थंडगार हवा होती, फुकट कॉफी होती आणि टाय लावलेला एक तरुण होता, जो बिघाडाला बिघाड न म्हणता 'कन्सर्न' म्हणत होता. संध्याकाळी त्याने आमचा कन्सर्न परत केला. काट्यात दोष नव्हता. तो अत्यंत सौजन्याने म्हणाला की वय झालं की पायाला अंदाज राहत नाही, पेडल जास्त दाबलं जातं, आणि चालवणाऱ्याला ते कळत नाही. मग आम्हाला आणखी कॉफी दिली. शोकप्रसंगी देतात तशी.

आता मात्र माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. काटा अस्लमभाईंच्या हातात बरोबर. काटा टायवाल्याच्या हातात बरोबर. काटा चुकतो तो फक्त नानांच्या हातात. म्हणजे दोष कुणात? ही मांडणी मी त्या रविवारी चौथ्या मजल्यावर जमलेल्या कुटुंबापुढे केली आणि सगळे गप्प झाले. वर्गात माझ्या बोलण्यानंतर इतकी शांतता मला कधी लाभली नव्हती. विलासने तर मोबाईल खाली ठेवला. सुनंदा एवढंच म्हणाली, की तुम्ही स्वतः शेजारी बसला होता, तुम्हाला गाडी पळताना जाणवली का? मी म्हणालो, जाणिवेवर विसंबण्याचे दिवस गेले.

नानांनी खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. मग तिच्यावर हात ठेवला.

"किल्ली घ्या," ते म्हणाले. "पन मंग माझा फोटोबी करून ठेवा, भिंतीवर लावायला. रोज हार घालायला सोपं पडेल. मी समोरच बसलेला असेन."

सासूबाई उठून आत गेल्या. शेवटी नानांनीच तोड काढली. मोऱ्याच्या वाटेवर द्रोणागिरीचे रस्ते रुंद आहेत, रविवारी मोकळे असतात. पुढच्या रविवारी तिथे एकदा सगळ्यांसमोर चालवून दाखवतो. चुकलो तर किल्ली माझ्या हाताने देतो, मोरा बंद.

विलासला हा प्रस्ताव आवडला. फारच आवडला. कारण पुढच्या रविवारी सकाळी मी खाली उतरलो तेव्हा नानांच्या जुन्या गाडीपुढे विलासची पांढरी, उंच गाडी उभी होती, तिच्यात ड्रायव्हर, दोन कार्यकर्ते आणि एक फोटोग्राफर बसले होते, आणि गाडीच्या मागच्या काचेवर आडवा फलक बांधला होता. 'रस्ता सुरक्षा अभियान. वेग आवरा, जीव सावरा.' (हो, माझीच.) एका म्हाताऱ्याची परीक्षा घ्यायची ती घ्यायचीच, तर वॉर्डाला संदेश का देऊ नये, असं त्याचं म्हणणं. नानांच्या गाडीची डिकी त्याने शाली, नारळ आणि उरलेल्या गणपतींच्या खोक्यांनी भरून टाकली होती, वाटेत कुणी सत्कारयोग्य भेटलं तर असावं म्हणून.

परीक्षेची रीत मीच आखली होती. विलासची गाडी पुढे, एका वेगाने. नाना तिच्यामागे, अंतर राखून. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या. विलास फोनवरून त्याचा वेग सांगणार, मी मागच्या सीटवरून मान पुढे काढून नानांचा काटा वाचणार. दोन वेगळी साधनं, स्वतंत्र साक्ष. शिवाय हाताशी पडताळा म्हणून माझ्या मोबाईलवर वेग दाखवणारं एक ॲप.

नाना गाडी चालवायला बसले, सासूबाई शेजारी, सुनंदा आणि मी मागे. समोर गणपती, त्याच्यामागे काटा. रस्ता खरोखर मोकळा होता. एखादा कंटेनरचा ट्रेलर, बाकी सामसूम.

"किती, विलास?" मी फोनवर विचारलं.

"साठ, दाजी. पक्के साठ."

मी नानांचा काटा बघितला. साठ. मोबाईल बघितला. मोबाईल म्हणत होता, आठ.

हा तो क्षण होता. माझ्या एका हातात खरं उत्तर होतं. मागून एक ट्रेलर इतक्या करुणपणे हॉर्न वाजवत होता, की त्यालाही उत्तर ठाऊक असावं. आणि डाव्या बाजूने कामावर निघालेला एक माणूस सायकलवरून, डबा हँडलला अडकवून, आम्हाला ओलांडून गेला. ओलांडताना त्याने फलक वाचला आणि आमच्याकडे आदराने पाहिलं. इतका आवरलेला वेग त्याने पूर्वी पाहिला नसावा.

मी मोबाईल खिशात ठेवला. बंदर जवळ, इथे नेटवर्कचा भरवसा नाही, असं मी जाहीर केलं. दोन साधनं एकमेकांशी जुळत असताना तिसऱ्याचं ऐकायचं कारण नव्हतं. काटा बरोबर होता. म्हणजे बाजारपेठेतले साठही खरेच होते, आणि चुकले होते ते नाना.

"मी पुढच्या गाडीच्या मागंच हाय ना?" नाना म्हणाले. "मंग ती गाडी बी साठनी चालली आनि मी बी. पुढं तो मानूस सायकलवर चाललाय तो कितीनी चाललाय?"

हा प्रश्न भावनिक आहे, असं मी जाहीर केलं.

मोऱ्याला पोचल्यावर नानांनी गाडी धक्क्याजवळ लावली, इंजिन बंद केलं आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. विलासने ते दृश्य टिपायला फोटोग्राफरला खूण केली, पण सुनंदाने त्या माणसाकडे असं बघितलं की तो कॅमेऱ्यालाच टोपण लावून बसला. नाना नेहमीच्या कोळणीकडे गेले. तिने विचारलं, परवा येणार ना? नाना म्हणाले, बघू. मग नेहमीपेक्षा दुप्पट मासळी घेतली. बांगडे, कोळंबी, एक मोठी सुरमई. धक्क्यावरच्या सोबत्यांजवळ ते थोडा वेळ नुसते उभे राहिले. मी लांबून बघत होतो आणि मला फार बरं वाटत नव्हतं, पण माझ्या बाजूला तर्क होता.

परतताना अडचण निघाली. डिकी शालीनारळांनी भरलेली. मासळी ठेवायची कुठे? विलासच्या गाडीत पांढरी सीट कव्हरं, तिथे प्रश्नच नव्हता. शेवटी पिशवी पुढच्या सीटखाली, सासूबाईंच्या पायाशी ठेवली. गाडी मी चालवायला घेतली. नाना मागे, माझ्या जागेवर.

तिसाच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं, आणि विलासनेही त्याच्या ड्रायव्हरला परतीला तीसच ठेवायला सांगितलं होतं. घोषवाक्याशी इमान राखायला हवं. पुढे विलास तिसाने, मागे मी तिसाने, आणि आमच्यामागे ट्रेलरची एक रांग, जी बंदरापासून सुरू होऊन बहुधा समुद्रात संपत होती. एका ट्रेलरचा क्लिनर खाली उतरला, आमच्या शेजारून चालत आला आणि माझ्या खिडकीतून आत डोकावून विचारून गेला, कुणाची मयत आहे का.

"मास्तर," नाना मागून म्हणाले, "मी उतरून ढकलू काय?"

माझी नजर काट्यावर होती. तीस. अगदी तीस. मी गाडी इतकी शिस्तीत आयुष्यात चालवली नव्हती.

इतक्यात सासूबाईंना वास आला. म्हणजे वास आधीपासून होताच, पण पिशवीतलं पाणी गळून त्यांच्या पायापर्यंत आलं, तेव्हा त्यांना नियमाची आठवण झाली. समोर देव, पायाशी मासळी, मधे सीट नाही.

"देवा रे, माफ कर," असं पुटपुटत त्या पुढे वाकल्या आणि त्यांनी गणपती उचलून पदरात घेतला.

काटा पडला. तिसावरचा काटा एकदम पाचच्या आसपास आला. आता मी काय करायला हवं होतं? पुढे बघायला हवं होतं. पण मी शिकलेला माणूस. काटा खाली आला, म्हणजे वेग कमी झाला. वेग कमी झाला, म्हणजे वाढवायला हवा. मी शांतपणे पेडल दाबलं. काटा पंधरा झाला, वीस झाला. मी म्हटलं, अजून दहा हवेत. मी आणखी दाबलं, आणि तिसाचा आकडा गाठल्याच्या समाधानात विलासच्या गाडीच्या मागच्या काचेवर वाचलं, 'वेग आवरा'. 'जीव सावरा' वाचायला वेळ मिळाला नाही.

कुणाला लागलं नाही, हे आधीच सांगतो. गणपती पदरात सुखरूप होते. विलासच्या गाडीचा मागचा बंपर आत गेला, आमचा दिवा फुटला, फलक सुटून आमच्या बॉनेटवर पसरला. मासळीच्या पिशवीने मात्र पुढे यायचं ते वर यायचं ठरवलं. भानावर आलो तेव्हा माझ्या मांडीवर तीन बांगडे होते आणि शर्टाच्या खिशात, चष्म्याच्या घराशेजारी, कोळंबी. सुरमई स्टिअरिंगला टेकून माझ्याकडे बघत होती. फोटोग्राफर पहिला धावत आला आणि त्या दिवसातला त्याचा एकमेव फोटो त्याने तेव्हा काढला. वरच्या भागात घोषवाक्य, खालच्या भागात मी.

"मास्तर," नानांनी मागून विचारलं, "कितीनी होता?"

"तीस," मी म्हणालो.

"कुनाच्या हिशेबानी?"

तेव्हा सुनंदा बोलली. ती मागून सगळं बघत होती. आईने देव उचलला आणि काटा पडला, ती म्हणाली. आधी देव, मग काटा. आई, तो गणपती परत ठेव बघू जागेवर.

सासूबाई ठाम नाही म्हणाल्या. गाडीभर मासळी उडालेली असताना देव तिथे ठेवणार नाही. मी विज्ञानाची बाजू मांडायचा प्रयत्न केला, पण खिशात कोळंबी असलेल्या माणसाचं बोलणं कुणी मनावर घेत नाही. शेवटी प्रयोग विलासच्या गाडीत करायचं ठरलं, कारण तिथेही तोच गणपती, त्याच जागी होता. आम्हाला बाटलीच्या पाण्याने हात धुवायला लावून मगच सासूबाईंनी तिकडे जाऊ दिलं. (मला अर्थातच गाडीबाहेर उभं केलं.) नाना ड्रायव्हरशेजारी बसले. गाडी पुढे निघाली, नानांनी मूर्ती उचलली. काटा खाली. ठेवली. काटा वर. देव उठला की काटा बसे, देव बसला की काटा उठे. नानांनी हे इतक्या वेळा करून बघितलं, की ड्रायव्हरलाच शेवटी गाडी वळवावी लागली.

मूर्ती उलटी करून बघितली. बैठकीत तळहाताएवढं, जाड, काळं लोहचुंबक होतं. खड्ड्यात न हलणारा गणपती उगाच हलत नव्हता. तो डॅशबोर्डखालच्या लोखंडाला घट्ट धरून होता आणि जाता जाता खालच्या काट्यालाही वर ओढत होता. आणि गॅरेजात, सर्व्हिस सेंटरला काटा शहाण्यासारखा का वागला, हेही उघड झालं. तिथे देव नव्हताच, तो घरी देव्हाऱ्यात होता. विलासचा ड्रायव्हर म्हणाला, माघी गणपतीनंतर गाडी एकदम पळायला लागली, मला वाटलं बाप्पाची कृपा.

विलासचा गॉगल पहिल्यांदाच डोळ्यांवरून खाली आला. हजारभर मूर्ती वॉर्डात गेल्या होत्या. हजारभर मतदार आपण साठने चाललोय अशा समजुतीत बैलगाडीच्या वेगाने कामावर जात होते आणि उशिराबद्दल साहेबांची बोलणी खात होते. त्याने स्वतःला सावरायचा एक प्रयत्न केला. "पण लोक देव मधे ठेवतात ना? काट्याच्या डोक्यावर कोण ठेवेल?"

सुनंदाने डिकी उघडली, शालींखालून उरलेलं एक खोकं काढलं आणि त्याच्यावरचा मजकूर मोठ्याने वाचला.

"वेगाच्या काट्यावर बाप्पाची नजर, तुमच्या सेवेस विलासशेठ हजर. सूचना: मूर्ती वेगाच्या काट्याच्या बरोबर वर बसवावी."

सगळे माझ्याकडे वळले. ती सूचना विलासने मागितलीही नव्हती. पण काट्यावर नजर म्हटल्यावर देव काट्याच्या वर हवा, नाहीतर ओळीला अर्थ राहत नाही, म्हणून मी ती आपणहून जोडली होती. ओळीला अर्थ असावा, हा माझा जुना हट्ट.

नानांनी हात पुढे केला. मी किल्ली दिली. ती थोडी बांगड्याची झाली होती, त्यांनी ती माझ्याच शर्टाला पुसली.

"मागं बसा," ते म्हणाले. "आनि मासली सांभाला."

दिलेला देव परत मागता येत नाही, हे विलासच्याही लक्षात आलं. मग त्याने पत्रक काढलं. मूर्ती कृपया मध्यभागी हलवावी, अशी ती विनंती मी फार काळजीपूर्वक, सोप्या भाषेत, एकही यमक न घालता लिहिली. तिच्यात लोकांनी भजी बांधली. वॉर्ड अजूनही सावकाश चालतो. अपघात कमी झाल्याचं श्रेय विलास घेतो, फलकही लागला आहे.

नाना एक दिवसाआड मोऱ्याला जातात. मूर्ती आता मधे बसते, काटा तिसाला तीस दाखवतो, पण मला त्याच्याकडे बघायची बंदी आहे. मी मागे बसतो आणि बाहेर बघतो. परवा धक्क्यावर नानांचा एक नवा ओळखीचा भेटला. त्याने विचारलं, हे कोण? नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आमचे जावय. लेखक हायत," ते कौतुकाने म्हणाले. "यांनी लिवलं ना, की लोकं तंतोतंत तसंच करतात. म्हनून आमी यांना आता लिवू देत नाय."